पडवळाला बांधलेला दगड

"यंदा चैत्रात या घरात भाजी विकत आणायची नाही," असं नानांनी जाहीर केलं तेव्हा मी आमटीला फोडणी देत होते.

नाना म्हणजे माझे सासरे, सीताराम परब. गिरणीच्या साचेखात्यातून नुकतेच निवृत्त झालेले. उभा जन्म मागांच्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांचा आवाज असा होता की त्यांनी घरात पाणी मागितलं तर समोरच्या चाळीतली बाई तांब्या घेऊन उठायची. त्यामुळे ही घोषणा मी ऐकली तशी अर्ध्या घोडपदेवानंही ऐकली. मागे फिरायची सोयच राहिली नाही.

"मग भाजी येणार कुठून?" मी विचारलं.

"हयसून," असं म्हणून त्यांनी गॅलरीकडे बोट केलं.

आमचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला. खोलीसमोरचा गॅलरीचा तुकडा म्हणजे एक कठडा, कपडे वाळत घालायला बाहेर काढलेले बांबू आणि कोपऱ्यात वाळत पडलेले बोंबील. या इस्टेटीकडे नाना खोताच्या नजरेनं बघत होते.

"माझो बापूस खडपार वांगी काढी. हयसर ऊन असा, वारो असा, नळाक पाणी असा. आणखी काय होया?"

"माती," मी म्हटलं.

"ती वाटेर असा."

ती खरंच वाटेवर होती. नानांचा पुतण्या धोंडू मालवणहून बोटीनं यायचा होता, त्याला त्यांनी गावच्या परसातली पोतंभर माती आणायला सांगितली होती. भाऊच्या धक्क्यावर हमालानं पोतं पाठीवर घेतलं, त्याचे गुडघे वाकले आणि त्यानं विचारलं, "आत आहे काय एवढं?" धोंडू म्हणाला, "जमीन."

हे सत्तावन सालचं. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. नानांकडे बघून मला तेव्हा हसू यायचं. आता माझं वय त्यांच्यापुढे गेलंय आणि बाल्कनीत कढीपत्त्याच्या कुंडीपाशी मी स्वतः तासन्‌तास बसते, तेव्हा वाटतं, त्या माणसाला भाजी नकोच होती. त्याला सकाळी उठून जायला एक जागा हवी होती. गिरणीचा भोंगा वाजला की नाना अजून उठून बसायचे, डोक्याला टोपी घालायचे आणि मग आठवून परत टोपी काढायचे. बाग सुरू झाल्यापासून ते भोंगा वाजला की उठायचे, टोपी घालायचे आणि गॅलरीत कामावर जायचे.

डालड्याचे डबे, फुटकी बालदी, आंब्याच्या पेट्या, जे मिळेल त्यात मालवण भरलं गेलं. कोथिंबीर, पुदिना, माठ, मिरच्या लागल्या. खताला व्हिक्टोरिया गाड्यांच्या तबेल्यातली घोड्याची लीद आली आणि त्याबरोबर चाळीतली पहिली तक्रारही आली. मग नाना लीद धोतराच्या सोग्यात लपवून आणायला लागले. माशांचं धुतलेलं पाणी झाडांना घालायचे, म्हणून भायखळ्यापर्यंतची मांजरं आमच्या दारात बैठकीला बसायची.

आमच्या बरोबर खालच्या बिऱ्हाडात सुंदराबाई राहायच्या. अंगानं दणकट, जिभेनं त्याहून दणकट. गॅलरीत त्यांचे पापड वाळत असले की नेमकं नानांचं पाणी घालणं चालायचं. एकदा त्या ताट घेऊन वर आल्या.

"नाना, माझ्या पापडांवर मालवण उतरलंय. हे बघा."

"धुवून घे," नाना म्हणाले.

"पापड धुतात का कधी?"

यावर नानांनी त्यांना पुदिन्याची जुडी देऊ केली. जुडी म्हणजे काय, दोन बोटांत मावेल एवढी. सुंदराबाईंनी ती ताटात ठेवली आणि गेल्या. पण गेल्या त्या हसत गेल्या, हे मी पाहिलं.

खरं सांगायचं तर पालेभाजीनं आमची निराशाच केली. कोथिंबिरीची पहिली काडी नानांनी कापली तेव्हा सगळ्या घराला बोलावून घेतलं. ती समारंभानं आमटीवर टाकली. कुणाच्या वाटीत गेली ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पण पडवळानं घराण्याचं नाव राखलं. ते असं माजलं की बघता बघता कठडा चढून बांबूंवर गेलं, नानांनी बांबूंमध्ये सुंभाची जाळी विणून दिली, आणि चैत्र लागला तेव्हा आमच्या गॅलरीबाहेर रस्त्यावर पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांची पडवळं लोंबायला लागली. पडवळाला मोकळं सोडलं तर ते वेटोळं घालतं, म्हणून त्याच्या टोकाला दगड बांधतात. नाना रस्त्याच्या कामावरून लिंबाएवढे खडे वेचून आणायचे, धुवायचे आणि एकेका पडवळाला सुतळीनं बांधायचे. वाऱ्यावर ते दगड हलायचे. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून वर बघायची, आणि नाना वरून खाली बघत त्यांचे नमस्कार घ्यायचे. नमस्कार कुणी केलेला नसला तरी.

आता त्या दिवसांतलं वातावरण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झाला पाहिजे, याशिवाय चाळीत दुसरा विषय नव्हता. आदल्या वर्षी आमच्या भागात गोळ्या चालल्या होत्या. ज्या घरांतली माणसं गेली त्या घरांत अजून कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. पोलिसांची गाडी दिसली की बाया मुलांना आत ओढायच्या. पहिल्या मजल्यावरचे बाबुराव समितीचे कार्यकर्ते. सभा असो, मोर्चा असो, चाळीतून माणसं गोळा करणं हे त्यांचं काम. आणि आमच्या दाराशी आले की त्यांचा आवाज जरा कडवट व्हायचा, कारण आमचे हे, म्हणजे माधव, कधीच मोर्चाला जात नसत.

यांची नोकरी सरकारी कचेरीत होती आणि तीही तात्पुरती. कायम होण्याचं आज-उद्यावर आलं होतं. मोर्चात कुणी पाहिलं असतं तर नोकरी गेली असती, आणि घरात दुसरा पगार नव्हता. बाबुराव जिन्यावरून ओरडायचे, "माधवराव, येताय ना?" हे दाराआडून म्हणायचे, "डोकं दुखतंय." त्या वर्षात यांचं डोकं जितकं दुखलं तितकं पुढे जन्मात दुखलं नाही. मोर्चा लांब गेला की हे खिडकीशी उभे राहायचे, आणि लांबून घोषणा आली की यांचे ओठ नुसते हलायचे. मी ते बघून न बघितल्यासारखं करायची.

तर त्या दिवशी संध्याकाळी आमच्या नाक्यावर समितीची सभा होती. बंदोबस्ताला पोलिसांची गाडी दुपारीच आली. चैत्रातलं ऊन, साऱ्या रस्त्यावर सावली कुठली म्हणाल तर आमच्या चाळीची. गाडी नेमकी आमच्या गॅलरीखाली लागली. आतले पोलीस पेंगायला लागले. एकानं तर बूटसुद्धा काढून ठेवले.

वर नाना झारीनं पाणी घालत होते. एका पडवळावर कावळा बसला. नानांनी "हाड" म्हटलं. त्यांचं "हाड" म्हणजे काय, ते तुम्हाला सांगितलंच आहे. कावळा दचकून उडाला, पडवळाला हिसका बसला, त्याचं कोवळं टोक तुटलं आणि सुतळी, दगड आणि टोक असं सगळं मिळून गाडीच्या पत्र्याच्या टपावर पडलं.

आवाज असा झाला की मी हातातली परात टाकली. गाडीच्या दोन्ही दारांतून पोलीस बाहेर सांडले. अनवाणी पोलीस गरम डांबरावर नाचायला लागला. तो दगड टपावरून उसळून फौजदारांच्या पायाशी येऊन पडला. फौजदार तरुण होते, नोकरीत नवे. त्यांना दिसला सुतळी गुंडाळलेला एक गोळा आणि त्याला लागलेली हिरवट, वातीसारखी शेपटी.

"मागे व्हा, बाँब आहे," ते म्हणाले.

रस्ता एका क्षणात झाडून काढल्यासारखा मोकळा झाला. शामराव म्हणून एक वयस्क हवालदार होते, त्यांनी कोपऱ्यावरच्या चहावाल्याची कपबश्या धुवायची बालदी आणली आणि काठीनं ढकलत ढकलत तो बाँब त्या पाण्यात सोडला. मग फौजदारांनी वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर पानांतून एक म्हातारं डोकं बाहेर आलेलं होतं, आणि त्या डोक्याभोवती तसेच आणखी गोळे लटकत होते.

ते वर आले तेव्हा मी दारातच थिजले. नानांना मात्र आनंद झाला. पोलीस आपल्या दारी आले म्हणून त्यांनी टोपी सारखी केली आणि सगळ्यात मोठी चूक केली. ते शुद्ध बोलायला लागले. घरात मालवणी बोलणारा हा माणूस सभांमधली भाषणं ऐकून शुद्ध मराठी शिकला होता.

"रस्त्यावर दगड पडला तो तुमचा?" फौजदारांनी विचारलं.

"आमचाच. आपण वर येण्याची तसदी घेतलीत, आभारी आहे."

"तुम्ही टाकलात?"

"छे. मी टाकत नसतो. मी टांगतो. तो सुटला."

"कशासाठी टांगता?"

"सरळ करण्यासाठी."

"कुणाला?"

"जो जो वाकडा जाईल त्याला," नाना म्हणाले. "वेळीच वजन दिलं नाही तर पुढे आवरत नाही."

फौजदारांनी शामरावांकडे पाहिलं. शामरावांनी काठी घट्ट धरली.

"यात आणखी कोण सामील आहे?"

"सूनबाई पाणी घालते. खतं मी स्वतः आणतो."

"खतं? कुठून येतात ही खतं?"

"तबेल्यातून. लपवून आणावी लागतात. लोकांना कळलं तर बोभाटा होतो."

मला राहवेना. मी डोक्यावरचा पदर ओढून कसंबसं म्हटलं, "साहेब, तो पडवळाचा दगड आहे."

फौजदार माझ्याकडे वळले. "पडवळ? हा पडवळ कोण?"

आता आमच्या चाळीत पडवळ आडनावाचं एक कुटुंब पूर्वी राहून गेलं होतं, त्यामुळे त्यांचंही अगदीच चुकलं असं नाही. मी काही बोलायच्या आत नाना अभिमानानं म्हणाले, "पडवळ बाहेरच असतं. रात्रंदिवस लटकलेलं. आम्ही त्याला आत घेत नाही."

"त्याचं नंतर बघू," फौजदार म्हणाले. "आधी तुम्ही चौकीवर चला."

नाना पायात वहाणा घालून निघाले. झारी त्यांनी माझ्या हातात दिली. "मिरच्येंक पाणी घालूचा ऱ्हवलाहा," असं सांगून ते जिना उतरले. मला रडू फुटलं. कारण नानांना नसलं कळलं तरी मला कळलं होतं. सरकारी नोकराचा बाप पोलिसांवर दगड मारताना पकडला गेला, हे कचेरीत कळलं की संपलंच.

यांना निरोप धाडला आणि मी चौकीवर धावले. पण माझ्या आधी बातमी धावली होती. आमच्या मजल्यावर ती "नानांच्या दगडाबद्दल पोलिसांना संशय आहे" अशी होती, दुसऱ्या मजल्यावर ती "नानांनी दगड मारला" अशी झाली, आणि बाबुरावांपर्यंत पोहोचली तेव्हा नानांनी पोलिसांची गाडी फोडली होती. बाबुराव जेवत होते. हात न धुताच उठले. "त्या म्हाताऱ्यानं केलं," ते म्हणाले, "आणि आपण भात खातोय." संध्याकाळच्या सभेसाठी लवकर जमलेली माणसं त्यांनी तशीच चौकीकडे वळवली.

चौकीत नाना बाकावर बसले होते. समोर जमिनीवर ती बालदी. तिच्याजवळ कुणी जात नव्हतं. मी फौजदारांना हात जोडून सगळं सांगितलं. पडवळ म्हणजे माणूस नव्हे, भाजी. तिच्या टोकाला दगड बांधायची रीत आहे. फौजदार ऐकत होते. मला वाटतं, त्यांना पटतही होतं. पण तेवढ्यात बाहेरून "नाना परब झिंदाबाद" अशी गर्जना आली.

"भाजी पिकवणाऱ्या माणसासाठी एवढी माणसं येतात?" ते म्हणाले. "बाई, मला ते पडवळ इथं आणून दाखवा. बघितल्याशिवाय मी सोडणार नाही."

मी पळत घरी आले. गॅलरीत पाऊल टाकलं आणि मटकन खाली बसले. वेलावर नुसती पानं होती. एकही पडवळ नाही, एकही दगड नाही.

"कोण आलं होतं इथं?" मी ओरडले.

खालच्या गॅलरीतून सुंदराबाईंनी मान वर काढली. हातात विळी होती. "घाबरू नकोस गं कांता. पुरावा म्हणून काही ठेवला नाही मी. दगड गटारात टाकले. पडवळं सगळ्यांनी वाटून घेतली. पोलिसांचा बाप आला तरी त्याला काही सापडायचं नाही."

मी दारोदार फिरले. प्रत्येक घरात एकच वास. चण्याची डाळ, ओलं खोबरं आणि नानांचं पडवळ. कुठे चिरलेलं, कुठे फोडणीत, कुठे ताटात. सबंध असं एक नाही. बायका माझ्या हाताला धरून म्हणत होत्या, "काही काळजी करू नको, सगळं शिजवून टाकलं." शेवटी मी सुंदराबाईंच्या चुलीवरचं पातेलं पदरात धरून तसंच उचललं आणि चौकी गाठली. मागून सुंदराबाई झाकण घेऊन.

एव्हाना हेही कचेरीतून येऊन पोहोचले होते. शर्ट घामानं भिजलेला, तोंडावर रक्त नाही. फौजदारांनी मला विचारलं, "पडवळ कुठाय?"

"कापलं," मी म्हटलं.

फौजदार खुर्चीतून उठले. "कुणी कापलं?"

"मी," सुंदराबाई पुढे होऊन म्हणाल्या. "आणि शिजवलंसुद्धा. काय करायचं ते करा."

मी पातेलं टेबलावर ठेवलं. फौजदारांनी आत पाहिलं. शामरावांनी आत पाहिलं. पडवळाची भाजी शिजल्यावर जशी दिसते तशीच ती दिसत होती, म्हणजे कशासारखीही.

"हा पुरावा?" फौजदार थकून म्हणाले. "याच्यावरून मी काय ओळखू?" बाहेर घोषणा वाढत चालल्या होत्या. ते यांच्याकडे वळले. "तुम्ही मुलगा ना? बाहेर जा आणि लोकांना गप्प करा. नाही तर मला वरून माणसं मागवावी लागतील, आणि मग काय होतं ते तुम्हाला माहीत आहे."

ते सगळ्यांनाच माहीत होतं. हे बाहेर गेले. पायरीवर उभे राहून यांनी दोन्ही हात वर केले. लोकांना वाटलं, घोषणा द्यायला आलाय. क्षणभर सगळे शांत झाले आणि यांच्या तोंडाकडे बघू लागले. हे मला पुढे म्हणाले की, "शांत व्हा" हेच शब्द माझ्या जिभेवर होते. पण इतक्या दिवसांचं काहीतरी आत साठलेलं होतं, ते आधी बाहेर पडलं.

"मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." हे ओरडले, आणि आवाज अगदी नानांचा.

"झालाच पाहिजे," सगळा रस्ता म्हणाला. बाबुरावांनी यांना मिठी मारली. सुदैवानं यांच्या कचेरीतलं कुणी त्या गर्दीत नव्हतं. असलंच तर तेही ओरडत होतं, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

आत फौजदारांनी कपाळाला हात लावला. तेव्हा इतका वेळ बाकावर बसलेले नाना उठले. शुद्ध मराठीनं आपला घात केला हे बहुधा त्यांच्या ध्यानात आलं होतं.

"सायबानू," ते म्हणाले, "तुमका पडवळ बघूचा असा मा? मग ह्या काय असा?"

आणि त्यांनी सरळ बालदीत हात घातला. शामराव टेबलामागे गेले. फौजदार दाराशी गेले. नानांनी सुतळी ओढून ती हिरवी शेपटी सोडवली, धोतराला पुसली आणि तोंडात टाकली. चौकीत त्यांच्या चावण्याचा कुरकुर आवाज तेवढा ऐकू येत होता.

"कोवळा होता," ते घास गिळून हळहळले. "आणखी दोन हात वाढला असता."

फौजदार दारापासून परत फिरले. मग खुर्चीत येऊन बसले. आणि हसायला लागले ते थांबेनात. हसता हसता त्यांनी बालदीतला दगड काढून पाहिला. नुसता दगड. पुरावा नानांच्या पोटात गेला होता, उरलेला चाळीच्या पोटात जायचा होता. लिहून ठेवावं असं काही राहिलंच नव्हतं. यांच्या कचेरीपर्यंत जाण्यासारखंही काही राहिलं नव्हतं. शामरावांनी पातेल्यातली चमचाभर भाजी चाखली आणि म्हणाले, "बरी झालीय." सुंदराबाईंनी त्यांना वाटीभर वाढली.

"आजोबा, मागच्या दारानं जा," फौजदार म्हणाले. "आणि पुन्हा रस्त्यावर काही टांगू नका."

पण मागच्या दारालाही माणसं होती. नानांना खांद्यावर उचललं गेलं. मिरच्यांना पाणी घालायचं राहिलंय असं ते वरून सांगत होते, पण ऐकतंय कोण. तसंच त्यांना सभेत नेलं, स्टुलावर उभं केलं आणि बाबुराव म्हणाले, "नाना, दोन शब्द."

नाना खरं बोलणारे. त्यांनी खरं तेच सांगायचं ठरवलं.

"मी दगड मारला नाही," ते म्हणाले. "मी तो बांधला होता. जे लोंबतं ते आपोआप सरळ होत नाही. त्याला वजन द्यावं लागतं. रोज लक्ष द्यावं लागतं. घाई केली तर तुटतं, आणि सोडून दिलं तर वाकडं जातं. एवढंच आहे. यात माझं काही नाही."

अशा टाळ्या पडल्या की चाळींच्या खिडक्या उघडल्या. बाबुराव डोळे पुसत होते. आमच्या शेजारी उभे असलेले एक मास्तर म्हणाले, "किती थोडक्यात सांगितलं." नाना स्टुलावरून उतरले आणि हळूच मला म्हणाले, "कांता, ह्येंका पडवळाचा काय कळला नाय गो."

आम्ही घरी आलो तेव्हा दिवे लागले होते. नाना तडक गॅलरीत गेले. मी मागे उभी होते. त्यांनी वेलावरून हात फिरवला, एक देठ धरून पाहिलं, दुसरं पाहिलं. इतका वेळ माझं हसू आणि रडू एकात एक झालं होतं, त्यातलं हसू तिथं संपलं. नानांची पाठ मला एकदम म्हातारी दिसली.

मग दारावर एकेक माणूस यायला लागलं. प्रत्येकाच्या हातात झाकलेली वाटी. नाना सुटले म्हणून आनंद, आणि आनंदाला घरात जे शिजलं होतं ते. ओटा वाट्यांनी भरून गेला. सगळ्यात शेवटी सुंदराबाई आल्या. दुपारी पोलिसांपुढे छाती काढून उभी राहिलेली बाई, पण उंबऱ्याच्या आत येईना.

"नाना," त्या पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "माझ्या हातानं कापलं मी. पोलीस परत येतील, तुम्हाला नेतील, मला दुसरं काही सुचलंच नाही. तुमचा मळा गेला माझ्यामुळे."

नानांनी त्यांच्या हातातली वाटी घेतली. पाटावर बसले. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"खोबरा कमी पडला गो," ते म्हणाले. "फुडच्या वर्साक जास्ती घाल."

सुंदराबाई तिथेच उंबऱ्यावर बसून रडल्या. नानांनी सगळ्या वाट्या चाखल्या आणि प्रत्येकीत खोट काढली. त्या रात्री ते शांत झोपले आणि सकाळी भोंगा वाजला तेव्हा टोपी घालून गॅलरीत हजर होते.

यांची नोकरी टिकली. पुढे कायमही झाली. डोकंदुखी मात्र त्या दिवसापासून गेली ती गेलीच. बाबुरावांनी हाक मारायच्या आत हे जिन्यात असायचे, फक्त गर्दीत मधोमध चालायचे, म्हणजे कडेनं कुणाला दिसू नयेत.

मग साठ साल आलं आणि महाराष्ट्र झाला. मे महिन्याची पहिली तारीख. चाळीला तोरणं, दारोदारी रांगोळ्या, खाली लेझीम. चाळीतर्फे नानांचा सत्कार ठरला. बाबुरावांनी भाषणात त्या दगडाचं असं वर्णन केलं की मलाही तो आठवेना. नानांच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. बोला म्हटलं तर ते नको म्हणाले. सगळ्यांना तोही विनय वाटला.

घरी आल्यावर नानांनी शाल काढून खुंटीला टांगली आणि नारळ कानाशी धरून हलवला. पुन्हा हलवला. त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी ओळखली.

"कांता, ह्यो फोडू नको," ते म्हणाले. "आत पाणी असा. मोड येतलो. मोठी बालदी बघूक होयी."

"नाना, नारळाचं झाड?" मी म्हटलं. "तिसऱ्या मजल्यावर?"

"वर जाता ता. कोणाक त्रास नाय."

हे कठड्याशी गेले. खाली रस्ता गुलालानं लाल झाला होता आणि पोरंसोरं, बायाबापड्या, सगळे त्या गॅलरीखाली नाचत होते. यांनी खाली पाहिलं, वर पाहिलं. झाड वाढलं आणि नारळ पडायला लागले तर काय होईल याचा हिशेब बहुधा मनात केला. मग आत येऊन नानांच्या हातातून नारळ काढून घेतला आणि मला दिला.

"आत्ताच्या आत्ता फोड."

मी फोडला. आतून तो पार कुजका निघाला. मोड कसला येतो. पण ते आम्ही नानांना सांगितलं नाही. बाजारातून दुसरा नारळ आणून सोलकढी केली, आणि वाटी तोंडाला लावता लावता नाना म्हणत राहिले, "बघा, कसो गोड होतो. झाड लावला असता तर..."